रिकाम्या झाडांची राखण

चंद्रपूरच्या त्या केंद्रात माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवशी वाटीभर प्लास्टिकचे मणी दिले. लाल मणी लाल दोऱ्यात ओवायचे, पिवळे पिवळ्या दोऱ्यात. दुसऱ्या दिवशी हत्तीचे चित्र रंगवायला दिले. तिसऱ्या दिवशी हत्ती बरा रंगला म्हणून शर्टावर कागदाची चांदणी चिकटवली. बासष्ट वर्षांच्या माणसाच्या छातीवर चांदणी! सोबत मुलगा होता म्हणून घरी येईपर्यंत मी तोंड मिटून बसले. घरात पाय ठेवल्याबरोबर ती अशी ओढली की शर्टाचा धागा निघाला.

राग ओसरला म्हणून हे लिहीत नाही, तो अजून आहे. पण ज्यांच्या घरात हा विसरण्याचा आजार आला आहे त्यांनी निदान माझ्या चुका तरी करू नयेत. बाकीच्यांच्या चुकाही सांगणार आहे. एकटीने का म्हणून अंगावर घ्यायच्या?

माझे नाव सुमन. नागभीडच्या बाजारात मासे विकते. सुरुवात डोक्यावरच्या टोपलीने झाली, पुढे बर्फाच्या चार पेट्या झाल्या आणि बाजारात ठरलेली जागा झाली. ती जागा मला कोणी दिली नाही, भांडून मिळवली. भाव करण्यात माझा हात कोणी धरत नाही, आणि माझी जीभ तिखट आहे हे गावात कोणीही सांगेल. नवऱ्याचे नाव तुळशीराम. तोंडाने मी त्यांचे नाव घेत नाही, पण कागदावर घ्यावे लागेल, नाही तर वाचणाऱ्याला कळायचे नाही.

तुळशीराम कोसा पिकवतात. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर किडे सोडायचे, ते पाला खाऊन मोठे होतात, मग स्वतःभोवती कोष विणतात. त्याचा रेशमी धागा निघतो. सोडणे सोपे आहे, राखणे कठीण. कावळा, मुंगी, गांधीलमाशी, वांदर, सगळ्यांना तो किडा गोड लागतो. पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत झाडाखाली फिरत राहायचे, ओरडायचे, गुलेल मारायची. तुळशीरामांनी चाळीस वर्षे हेच केले.

गप्प माणसाचे कौतुक

आमच्याकडे कोसा झाडावर असेपर्यंत राखणाऱ्याने नियम पाळायचा असतो. मांस-मासे खायचे नाहीत, दाढी करायची नाही, झोपडीतच निजायचे, वायफळ बोलायचे नाही. सासऱ्यांपासून चालत आले आहे.

त्यामुळेच आम्ही फसलो. तुळशीराम बोलेनासे झाले तेव्हा मला वाटले, नियम चालू आहे. पीक निघाल्यावरही बोलेनात, दाढीचे भान नाही, विचारलेल्याचे उत्तर नाही. मी शेजारणींना कौतुकाने सांगायची, "या वर्षी नियम मनातच बसला त्यायच्या." त्याही माना डोलवायच्या. दुसऱ्या वर्षीही तेच. एखाद्या मास्तराच्या घरी बाप असा गप्प झाला असता तर महिन्याभरात दवाखान्यात नेला असता. आम्ही दोन वर्षे त्या आजाराला नमस्कार करत बसलो.

एकदा ऐन पिकात ते घरी येऊन म्हणाले, "मासा वाढ." मला वाटले, माणूस मुद्दाम नियम मोडतो आहे. समोरचे ताट ओढून घेतले आणि नाही नाही ते बोलले.  नियम काय, हेच त्या वेळी त्यांच्या डोक्यातून गेले होते. त्या ताटाची लाज मला अजून वाटते.

मग शिमग्याच्या दिवसांत, झाडांवर पान नाही, किडा नाही, अशा वेळी ते जंगलात राखणीला जाऊन बसले. आमच्या जंगलात वाघ आहे. दिवसा ढोरामागे जाणारी माणसेही टोळीने जातात. सगळे गाव शोधायला निघाले, तेव्हा ते संध्याकाळी एका वाळक्या येनाखाली सापडले. धाकटे दीर मारोती भाऊजी म्हणाले, "वयनी, हा नियम नाई. हे काही दुसरंच हाये."

वार कोणता

मुलगा प्रफुल चंद्रपूरला नोकरी करतो. त्याने नागपूरच्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली. चार तास बाकावर बसलो. तिथे फरशी पुसणारी एक बाई आली आणि तुळशीरामांना म्हणाली, "बाबाजी, बाक धरा जरा त्या बाजूनं." ते उठले, बाक उचलला, पुसून होईपर्यंत धरून ठेवला, पुन्हा जागेवर ठेवला. "बरं झालं तुम्ही होते," ती म्हणाली. त्या दिवसात तेवढा एकच क्षण त्यांचा चेहरा माणसात आला.

आत डॉक्टरांनी विचारले, "आज वार कोणता?"

"वार तुम्ही सांगा जी," तुळशीराम म्हणाले, "बाजार कोन्या गावचा हाये ते मी सांगतो."

मला हसू आले. डॉक्टर हसले नाहीत, कागदावर काहीतरी लिहिले. मग शंभरातून सात वजा करायला सांगितले, परत सात, परत सात. माझ्या नवऱ्याने जन्मात कधी असे सात-सात वजा केलेले नाहीत. झाडावरच्या किड्यांचा अंदाज विचारला असता तर पाहिले असते.

नंतर डॉक्टर प्रफुलशी इंग्रजीत बोलले. मी मधेच म्हटले, "डॉक्टरसाहेब, नवरा माझा हाये. मले सांगा." तेव्हा मराठीत सांगितले. हा स्मृतिभ्रंश आहे, बरा होणारा नाही, गोळ्यांनी थोडा वेळ मिळेल. "आणि त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा." कशात, हे सांगायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. बाहेर माणसे उभी होती.

नागभीडला परतताना गाडीत मी पदर तोंडावर घेऊन रडले. तुळशीरामांनी खिडकीतून बोट दाखवले, "पाहा, बांधावर येन." त्यांना काही झालेच नव्हते. झाले होते ते मला.

चांदणी

प्रफुलने आम्हाला तीन महिने चंद्रपूरला नेले आणि बाबांना दिवसाच्या त्या केंद्रात घातले. मण्यांचे आणि हत्तीचे सांगितलेच आहे. चांदणीच्या दुसऱ्या दिवशी मी तिथल्या मॅडमसमोर जाऊन उभी राहिले.

"आजी, ही ॲक्टिव्हिटी आहे," ती म्हणाली. "याने मेंदूला चालना मिळते."

"आजी मले माझा नातू म्हणते. तुम्ही सुमनबाई म्हणा. हा मानूस काय काम करत होता, विचारलं का कोणी?"

तिने फॉर्म काढला. "शेतकरी लिहिलंय."

फॉर्म प्रफुलने भरला होता. घरी आल्यावर त्याला धरले. म्हणाला, "आई, कोसा लिहिला की विचारतात हे काय असतं. कुठी समजावत बसू?" याच कोशाने त्याचे कॉलेज झाले. ज्याच्या मुलालाच सांगायची लाज वाटते त्याचे काम परक्या बाईला कुठून कळणार? म्हणून तिच्यावरचा अर्धा राग मी मुलाकडे वळवला. खरे सांगायचे तर ती वाईट नव्हती. पंचवीस आजारी माणसे आणि बाया दोन. तुळशीराम जेवायला विसरले की ती स्वतः घास भरवायची. पण मणी ओवून झाले की संध्याकाळी त्यांच्यासमोरच दोरा उलटा करून सगळे मणी पुन्हा वाटीत टाकायची, दुसऱ्या दिवशी ओवायला. तुळशीराम ते रोज पाहायचे.

एके दुपारी ते तिथून निघून गेले. मोठ्या रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली सापडले. कावळ्यांना खडे मारत होते, मोटारी करकचून थांबत होत्या.

प्रफुलचा जीव खाली-वर झाला. म्हणाला, "आई, बस झालं. नागपूरजवळ एक संस्था हाये, राहायची सोय हाये, फाटकाले कुलूप असते. मी जागा पाहून आलो."

"मले न विचारता?"

"तुले विचारलं असतं तर तू भांडली असती."

"आताबी भांडूनच राह्यली."

दोन दिवस भांडलो. माझे म्हणणे, कुलपाच्या आत माणूस हरवत नाही, पण उरतही नाही. त्याचे म्हणणे, बाबा ट्रकखाली गेले किंवा वाघाने नेले तर तू जबाबदार का? दोघांचेही खरे होते. शेवटी मी मुदत मागितली. गावात नेते, या हंगामाचा कोसा निघेपर्यंत मला दे. त्याने अट घातली, एकदा जरी बाबा हरवले तर त्याच दिवशी गाडी घेऊन येईन, मग एक शब्द ऐकणार नाही. मी हो म्हटले. इतका पडता सौदा मी आयुष्यात केला नव्हता.

अकरा झाडे

जंगलातली राखण शक्य नव्हती. पण मारोती भाऊजींच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गावाला लागून, बांधावर अकरा येन आहेत. माझ्या अंगणातून दिसतात. मी भाऊजींना म्हटले, झाडे तेवढी वापरू द्या. ते लगेच हो म्हणाले, झाडांवर काही नव्हतेच.

हीच माझी सगळ्यात मोठी चूक. मी मनात म्हटले, यांना थोडेच कळणार आहे? किडे नसले म्हणून काय झाले? मी तुळशीरामांना सांगितले, "अवो, बांधावरच्या येनावर कोसा सोडला हाये. राखण तुमची."

उठलेच ते. गुलेल शोधली, डोक्याला दुपट्टा बांधला. पहिल्या दिवशी बांधावरून त्यांचा "हाऽऽड" असा आवाज आला आणि मला इतके बरे वाटले की प्रफुलला फोन करून मिरवले.

तिसऱ्या दिवशी भाकर घेऊन गेले तर ते झाडाखाली उकिडवे बसले होते. मूठभर माती उचलली, बोटांतून गाळली, वास घेतला. दुसऱ्या झाडाखाली गेले, तेच केले. अकराही झाडे झाली. मग माझ्याकडे आले.

"लेंडी नाई."

"काय?"

"खाली लेंडी नाई. वर किडे नाई." हातातली माती झटकली. "मले काऊन बसवलं तू?"

किडा पाला खातो तशी त्याची लेंडी दिवसभर खाली गळत राहते. झाडाखालची माती पाहूनच राखणारा सांगतो, वर किती आहेत, धड आहेत की आजारी. मुलाचे नाव हरवलेल्या माणसाला एवढे बरोबर कळले होते.

मी बाजारात कधी शिळा मासा ताजा म्हणून विकला नाही. ज्या बाया विकतात त्यांच्याशी भर बाजारात भांडले आहे. आणि इथे घरच्या माणसाला फसवा माल दिला. चांदणी चिकटवणारी ती मॅडम आणि मी, दोघींत फरक काय राहिला? तिने निदान हसून दिले होते.

दोन दिवस ते घरातून हलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

म्हणून सांगते, ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांनी आधी आठवावे, हा माणूस काय करायचा आणि कोणासाठी करायचा. धान निवडायला द्यायचे तर संध्याकाळी तेच धान शिजवा. दोरी वळायला द्यायची तर तिने ढोर बांधा. परत वाटीत ओतायचे असेल तर देऊ नका. त्यांना वार कळत नसेल, फसवणूक कळते.

भाऊजींची अट

खरे किडे मिळवायला परत मारोती भाऊजींकडे गेले. राखणाऱ्यांच्या गटाचे ते प्रमुख आहेत. या वेळी ते लगेच हो म्हणाले नाहीत.

"वयनी, किडे देऊन देईन. पण दादाले काल काय जेवला ते आठोत नाई. मासा खाऊन झाडाले हात लावला तर? गटातले लोक मले बोलतीन."

"घरात मासाच आणनार नाई. मंग कुठून खातीन?"

"तुमच्या लुगड्यालेच वास येते, वयनी."

दुसरा कोणी हे बोलला असता तर त्याची खैर नव्हती. पण त्यांना टोमणा मारायचा नव्हता. नियम पाळणाऱ्याच्या घरी मासळीचा धंदा नको, एवढेच त्यांचे म्हणणे. इतकी वर्षे तुळशीराम हंगामात जंगलात राहायचे म्हणून हा प्रश्नच आला नव्हता. आता राखणही घरासमोर आणि राखणाराही घरात.

"किती दिवस?" मी विचारले.

"किडे कोषात जायपर्यंत. सहा आठवडे समजा."

सहा आठवडे बाजार बंद म्हणजे माझी जागा गेली, हे मला तिथे बसल्या बसल्या कळले.  पण मीही फुकट सोडले नाही. म्हटले, "ठीक हाये. पण किडे पहिल्या प्रतीचे पाह्यजे, मरतुकडे दिले तर गावभर सांगीन. अन् राखणाऱ्यायच्या यादीत तुमच्या दादाचं नाव लिहा. दया म्हणून नाई, गडी म्हणून."

भाऊजी हसले. "तुम्ही देवाशीबी भाव करान."

"करीनच. त्यानंच हे आणलं माझ्या घरी."

बर्फाच्या पेट्या धुऊन उलट्या घातल्या. आठवड्याभरात माझ्या जागेवर दुसरी बाई बसली. ती अजून तिथेच आहे, तिला उठवायचे बाकी आहे.

पीक निम्मेच आले, हे आधीच सांगून टाकते. कोणी समजू नये की किडे पाहिले आणि तुळशीराम बरे झाले. एकदा त्यांनी किडे असलेली डहाळी कापली आणि दुसऱ्या झाडाला बांधायच्या ऐवजी बांधीतल्या पाण्यात रोवली. सगळे किडे गेले. भाऊजींनी कपाळावर हात मारला, मी भाऊजींवर ओरडले. पाणी प्यायचे ते विसरायचे, लंगोटाची गाठ सुटायची नाही, ओले व्हायचे. मी दिवसभर बांधावरच बसून असायचे. पण तिसऱ्या झाडावर मुंग्या चढल्या, त्या आधी त्यांनाच दिसल्या, भाऊजींना नाही. घसा बसेपर्यंत ओरडायचे, जेवण मागून घ्यायचे आणि पडल्याबरोबर झोपायचे. तीन महिन्यांत चंद्रपूरला अशी झोप मी पाहिली नव्हती. एकदा मला म्हणाले, "बाई, तुमी कोन्या गावच्या? रोज येता." मी म्हटले, "इथलीच हावो." त्यांनी सावलीत मला जागा करून दिली.

गाडी आली

कोष धरायला आठ-दहा दिवस उरले असताना ते हरवले. मी न्हाणीत गेले तेवढ्यात. दोन तास. सापडले ते जंगलाच्या वाटेवर, पहिल्या नाल्याजवळ, जुन्या झोपडीकडे निघालेले. मी सगळ्यांना हात जोडले, प्रफुलला सांगू नका. पण गावात गोष्ट राहते का? दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याची गाडी बांधीपाशी उभी राहिली.

"आई, बाबाचे कपडे भर."

"कोष धरायचे हायेत अजून."

"आपलं काय ठरलं होतं?"

ठरले होते ते ठरले होते. दिलेला शब्द मी बाजारातही फिरवत नाही. तरी तोंडातून निघाले, "तूच सांग त्यायले."

प्रफुल बांधावर गेला. मी मागे. तुळशीराम पाचव्या झाडाशी होते. त्या झाडाचा पाला सरला होता आणि ते डहाळ्या कापून सहाव्यावर न्यायच्या तयारीत होते. प्रफुल त्यांच्यासमोर उभा राहिला. "बाबा, चला. मी नेतो तुमाले."

त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. बूट, पँट, हातातला फोन. ओळख काही दिसली नाही. "मारोतीनं पाठवलं का तुले? बरं झालं. मानूस कमीच हाये." आणि कापलेली डहाळी त्याच्या हातात दिली. तिच्यावर बोटाएवढे सात-आठ हिरवे किडे. "खाली नको धरू. वर धर. वर!"

प्रफुलने डहाळी वर धरली. लहानपणी शेकडो वेळा धरली असेल. तुळशीराम सहाव्या झाडावर दोरा बांधू लागले, पण बोटांना गाठ येईना. दोनदा सुटली. प्रफुल फोन खिशात घालून पुढे झाला आणि त्याने गाठ मारली.

"येते की तुले," तुळशीराम म्हणाले. "कोनाचा पोरगा तू?"

 उत्तराची वाट तुळशीरामांनी पाहिली नाही. वरून कावळा येत होता. "उभा काय राह्यला? दुसरी आण. ऊन चढून राह्यलं."

त्याने दुसरी आणली, मग तिसरी. बूट चिखलात गेले. मी तोंडातून अवाक्षर काढले नाही. तसे मला फार कमी वेळा जमले आहे.

खिशातला फोन वाजला. दोन्ही हातांत डहाळ्या, म्हणून तो मला म्हणाला, "आई, काढ अन् कानाले लाव." मी लावला. संस्थेचा माणूस विचारत होता, पेशंटला किती वाजता आणता, खोली तयार करून ठेवली आहे.

प्रफुलने बापाकडे पाहिले. बाप त्याच्यावर ओरडत होता, बोलत काऊन बसला म्हणून.

"आज नाही जमणार," तो फोनमध्ये म्हणाला. "नाही, उद्याही नाही. बाबा कामावर आहेत." पलीकडून काहीतरी विचारले गेले. "कोसा," प्रफुल म्हणाला. "कोसा राखतात ते. झाडावर किडे असतात, त्याचं रेशीम... थांबा, नीट सांगतो तुम्हाला."

आणि डहाळ्या वर धरून तो त्या परक्या माणसाला पहिल्यापासून समजावून सांगू लागला.